खडकामागचा धूर

एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे आणि चालताना खुळखुळ आवाज. आता तुम्ही म्हणाल, जंगलात साळू राहणारच, त्यात सांगण्यासारखे काय आहे? तर मुलांनो, सांगण्यासारखे हे की त्या जंगलात एक विद्यापीठ होते, आणि त्या विद्यापीठाच्या अंगणात पडलेले एकही पान साळूच्या नजरेतून सुटत नसे.

विद्यापीठ भरायचे एका उंबराखाली. उंबर एवढा जुना आणि एवढा मोठा, की त्याला वळसा घालून वर्गात पोहोचेपर्यंत कासवाचा तास संपलेला असायचा. एका बाजूला कोल्हा तर्कशास्त्र शिकवी, दुसऱ्या बाजूला कावळा इतिहास सांगे, आणि वटवाघूळ फांदीला उलटे लटकून भूगोल शिकवत असल्यामुळे तिच्या विद्यार्थ्यांना वरची दिशा कोणती आणि खालची कोणती हे शेवटपर्यंत नीट कळले नाही. कुलगुरू होती एक वृद्ध हत्तीण. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. उंबराच्या बुंध्यालाच फळांचे घोस लगडायचे, त्यामुळे ससा काय, सांबर काय, कुणी उपाशी राहत नसे. शिकायला सावली आणि भुकेला फळ, एवढे एका झाडाने दिल्यावर विद्यापीठाला आणखी काही मागावे लागत नव्हते.

साळूचे बीळ त्या उंबराच्या मुळांतच होते. ती पोर असताना जंगलाला वणवा लागला होता. त्यात तिची माणसे गेली, आणि ती एकटी पळत येऊन या मुळांच्या सांदीत शिरली ती कायमची इथलीच झाली. पाठीवर एका जागी त्या वणव्याचा डाग होता; तिथे पुन्हा काटे उगवले नाहीत. मोठी झाल्यावर तिने आपण होऊन अंगणाची स्वच्छता अंगावर घेतली, आणि पुढे मोठ्या बाईंनी तिला स्वच्छतेची प्रमुखच करून टाकले.

तिची झाडण्याची रीतही न्यारी होती. उजाडताच ती अंगणभर गडाबडा लोळायची. प्रत्येक काट्यात एकेक पान अडकायचे. उठून उभी राहिली की साळू दिसायचीच नाही, एक चालतेबोलते झुडूप दिसायचे. मग ते झुडूप डुलत डुलत घळीच्या काठावर जायचे, अंग झाडायचे, आणि पाने भिरभिरत खाली ओढ्यात पडून वाहून जायची. गळलेली उंबरे, सोललेल्या साली, सगळ्याची वाट तीच. मागे राहायची ती पुसून काढल्यासारखी कोरी जमीन.

मोठ्या बाई अंगणात पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबत आणि म्हणत, "साळूबाई, इतक्या स्वच्छ जमिनीवर पाय ठेवायला जिवावर येतं हो." एवढ्या एका वाक्यावर साळूचा दिवस निघायचा. आणि एखाद्या माकडाने साल टाकली की ती काटे फुलवून म्हणायची, "हे विद्यापीठ आहे, उकिरडा नाही. उचल ती."

असे किती तरी पावसाळे गेले. आणि मग उंबर वाळू लागला.

आधी शेंड्याची पाने पिवळी पडली. मग एक फांदी वठली, तिच्या शेजारची दुसरी वठली. घोस विरळ झाले, फळे बोराएवढी राहू लागली. मोठ्या बाईंनी सभा बोलावली. कोल्हा म्हणाला, "जे जन्मते ते वाळते. उंबर जन्मला आहे, म्हणून तो वाळणार." कावळा म्हणाला, "पलीकडच्या जंगलातल्या घारीची दृष्ट लागली आहे, मी तिला बघताना पाहिलंय." वटवाघूळ म्हणाली, "मला तर तो नेहमीसारखाच दिसतो," पण ती उलटी बघत असल्यामुळे तिचे कुणी मनावर घेतले नाही. जमीन इतकी टणक झाली होती की पावसाचे पाणी तिच्यावर न थांबता घळीकडे धावत सुटायचे. हे सगळ्यांनी पाहिले होते आणि कुणालाच त्यात काही वावगे वाटले नव्हते.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "येत्या उन्हाळ्यापर्यंत वाट बघू. तोवर पालवी फुटली तर ठीक. नाहीतर विद्यापीठ नदीपलीकडच्या टेकडीवर न्यावं लागेल. पोरांना सावलीशिवाय आणि फळाशिवाय ठेवता येणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवली नाही ती फक्त साळूने. नदी तिला झेपणारी नव्हती. ऐन उमेदीतही ती कधी नदीत उतरली नव्हती, आता तर गुडघे बोलू लागले होते. विद्यापीठ पलीकडे गेले असते आणि ती वठलेल्या उंबराखाली एकटी राहिली असती. पण जे झाड मरायला टेकले आहे त्याच्यापुढे आपले रडगाणे काय गायचे, म्हणून ती काही बोलली नाही. उंबराला आपण दुसरे काही देऊ शकत नाही, निदान त्याच्या पायाशी कचरा तरी राहू नये, असे ठरवून ती अधिकच झपाट्याने झाडू लागली.

त्या पावसाळ्यात घळीच्या वाटेवर दरड कोसळली. साळू पानांनी लडबडून तिथवर गेली आणि पाहते तो वाट बंद. आता एवढे ओझे घेऊन जायचे कुठे? उंबराच्या मागच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, एक मोठा काळा खडक होता. साळूने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि खडकामागे जाऊन अंग झाडले. वाट मोकळी होईपर्यंतच तर टाकायचंय, असे तिने स्वतःला सांगितले. पण दरड काही हटली नाही, आणि खडकामागचा ढीग मात्र वाढत गेला.

जिथे एकाने टाकले तिथे दुसरा टाकतो. हा नियम विद्यापीठात कुणी शिकवला नव्हता, तरी तो सगळ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता. माकडांनी तिथे साली टाकल्या, सशांनी अर्धवट खाल्लेले गवत टाकले, आणि सांबर तर तिथे आडोशाला जाऊन जे करायचे ते करून आले. साळूला मेल्याहून मेल्यासारखे झाले. स्वच्छतेच्या प्रमुखबाईंनी लपवलेला उकिरडा! ती रोज त्या घाणीवर वाळक्या पानांचे जाड पांघरूण घालायची. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवी घाण पडायची, त्यावर पुन्हा पांघरूण. झाकून झाकून तिचा जीव मेटाकुटीला आला.

त्यात एक रानडुक्कर तिच्या मुळावर उठले होते. पहिल्या वर्गात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसलेले हे गबाळे जनावर रोज येऊन ढीग तळापर्यंत उकरायचे आणि खालचे वर, वरचे खाली करून जायचे.

"मेल्या, झाकलेलं उकरतोस?" साळू दबक्या आवाजात ओरडायची. "कुणी बघितलं तर माझी काय शोभा राहील?"

"आत लई ग्वाड किडं हायती, साळूबाई," ते मचमच करत म्हणायचे. "तुमी बी खाऊन बघा की एकडाव."

पावसाळा सरला, थंडी आली. त्या वर्षीची थंडी हाडे गोठवणारी होती. एका सकाळी गवतावर दव गोठलेले, सगळे विद्यार्थी एकमेकांना चिकटून कोल्ह्याच्या तासाला बसलेले, आणि उंबरावरून एक माकड ओरडले, "धूर! खडकामागून धूर येतोय!"

मुलांनो, गावातल्या माणसाला धूर दिसला तर तो म्हणतो, कुणाची तरी चूल पेटली. जंगलातल्या जनावराला चूल माहीत नसते. त्याला धुराचा एकच अर्थ ठाऊक असतो, वणवा. ससे जागच्या जागी थिजले. सांबरांनी शेपट्या वर केल्या. खडकामागून पांढरे लोट खरोखरच उठत होते आणि खडकापासून हाकेवर तो वाळका उंबर उभा होता. ठिणगी पडायचा अवकाश, मग तो सबंध पेटला असता.

"जिथे धूर तिथे अग्नी," कोल्हा कापऱ्या आवाजात म्हणाला. "माझा पहिल्या दिवशीचा धडा आहे. याला अपवाद नाही."

मोठ्या बाई धावत नदीवर गेल्या आणि सोंडभर पाणी घेऊन आल्या. त्यांनी डोळ्यांनीच विचारले, खडकामागे आहे काय? सगळ्या विद्यार्थ्यांच्या माना साळूकडे वळल्या.

साळू पुढे झाली. तिच्या काट्यांचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. "मोठ्या बाई, तो कचरा माझा आहे," ती म्हणाली. "घळीची वाट बंद झाल्यापासून मी तो तिथे लपवत आलेय. आग लागली असेल तर माझ्यामुळे लागलीय. पाणी कुठे टाकायचं ते कळायला हवं. आधी मी जाऊन बघते."

तिला कुणी अडवण्याआधीच ती निघाली. पाठीवरचा तो जुना डाग गार पडला होता. लहानपणीची ती पळापळ, तो तडतडाट, तो वास, सगळे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पाय मागे वळत होते आणि ती त्यांना पुढे ओढत होती. खडकाला वळसा घातला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, आता चटका बसणार म्हणून अंग आवळले आणि नाक त्या धुरात खुपसले.

चटका बसला नाही. तो धूर ओला होता.

साळूने डोळे उघडले. नाकावर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. जळल्याचा वास नव्हता, राख नव्हती, ठिणगी नव्हती. तिने पंज्याने वरची पाने बाजूला केली. आतून ऊब आली. उन्हाची नव्हे, आगीची नव्हे. आईच्या पोटाशी झोपल्यावर लागते तशी. ती ऊब साळू विसरून गेली होती. भर थंडीत, कुणी न पेटवता, तो ढीग आतून उबदार होता आणि मंद मंद श्वास टाकत होता.

ती आणखी खाली उकरत गेली. वरची पाने पाने होती. त्याखालची पिंगट, चाळणीसारखी झालेली. त्याखालच्या पानांना हात लावला की ती भुगा होत होती. आणि त्याहीखाली पान नव्हतेच. साल नव्हती, लेंडी नव्हती, घाण नव्हती. तिथे होती काळी, भुसभुशीत, हलकी माती, आणि तिला रानात खोल गेल्यावर येतो तसा गोड वास. त्या मातीत गांडुळे होती, गोंडस अळ्या होत्या, पांढरे तंतू जाळ्यासारखे पसरले होते. साळूला वाटले, आपण उकिरडा लपवत होतो आणि इथे कुणीतरी आपल्या नकळत एक अख्खे जग वसवून ठेवले आहे. तिच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहिला, आणि या वेळी तो रागाने नव्हे.

"साळूबाई, आग कुठवर आहे?" सोंडेत पाणी असल्यामुळे मोठ्या बाईंना बोलता येत नव्हते, म्हणून कावळ्याने लांबूनच विचारले.

"आग नाही," साळू म्हणाली. "इकडे या. सगळेच या."

ते भीत भीत आले. ढिगाभोवती विद्यापीठ गोळा झाले. कोल्ह्याने पंजा आत घातला, काढला, पुन्हा घातला. "धूर आहे आणि अग्नी नाही," तो पुटपुटला, आणि भर सभेत खाली बसला. ससे तर एकेक करून ढिगाला पाठ टेकून बसले आणि त्यांची थरथर थांबली.

साळू मात्र अजून उकरत होती. आता ती तळाशी पोहोचली होती, जिथे ऊब संपून माती गार लागत होती. तिथे तिच्या पंज्याला काहीतरी अडकले. केसासारखे बारीक, पांढरट, ओलसर. तिला वाटले गवताचे मूळ असेल. पण ते एक नव्हते. जमिनीतून वर घुसलेल्या अशा शेकडो मुळ्यांनी ढिगाचा तळ गच्च धरला होता, भुकेले पोर दोन्ही हातांनी वाटी धरते तसा. तिने एक मुळी धरून पाहिली. ती खडकाच्या फटीतून आली होती. फटीच्या पलीकडे ती बोटाएवढी जाड झाली होती, आणि त्याच्यापुढे मनगटाएवढी, आणि जमिनीखालून ती सरळ एकाच दिशेला जात होती.

साळूच्या नखाने ती मुळी जरा खरचटली. त्यातून दुधासारखा पांढरा चीक आला.

तो चीक सगळ्यांच्या ओळखीचा होता. उंबर खाऊन सगळ्यांचेच ओठ त्याने चिकटलेले होते. मोठ्या बाईंनी मान वळवून मागे उंबराकडे पाहिले, मग ढिगाकडे, मग पुन्हा उंबराकडे.

झाडाला पाय नसतात. ते जन्मभर एका जागी उभे असते असे आपण समजतो. आणि हा उंबर कोरड्या, टणक जमिनीखालून, दगडाची फट शोधत, अंधारात चाचपडत इथवर चालत आला होता. आपल्याच गळलेल्या पानांपर्यंत.

"माझ्याच हातांनी," साळू म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "रोज उठून मी याच्या तोंडचा घास काढून घळीत टाकत होते. ज्याने मला आसरा दिला त्याला उपाशी मारत होते, आणि त्याला स्वच्छता म्हणत होते." ती मातीत तोंड घालून रडू लागली. इतकी वर्षे कुणी तिला रडताना पाहिले नव्हते.

मोठ्या बाई वळल्या. सोंडेतले पाणी त्यांनी ढिगावर टाकले नाही. त्या उंबरापाशी गेल्या आणि ते पाणी त्याच्या बुंध्याशी हळूहळू सोडले. मग परत येऊन साळूजवळ गुडघे टेकून बसल्या.

"तुम्ही एकट्यांनी नाही, साळूबाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही उचलायचात आणि मी रोज सकाळी शाबासकी द्यायची. घास आपण दोघींनी मिळून काढला. आता तो त्याला भरवायचाही दोघींनी."

त्या दिवशी वर्ग भरले नाहीत. सगळे विद्यापीठ माती वाहत होते. माकडे ओंजळीने आणत होती, सांबरे खुरांनी टणक जमीन फोडत होती, मोठ्या बाई सोंडेने ढीग उचलून उंबराच्या पायाशी अलगद ठेवत होत्या. रानडुकराला तर उकरण्याची अधिकृत परवानगीच मिळाली. ती ऐकून ते म्हणाले, "म्हंजी आता कुनी मेल्या म्हननार न्हाई?" साळूला रडता रडता हसू आले. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा लोळू लागली, पण अंग झाडायची ते उंबराखाली. साली, गवत, लेंड्या, सारे खडकामागे जाऊ लागले. तिथून पिकून काळे होऊन उंबराकडे येऊ लागले. कोल्ह्याने आपल्या पहिल्या धड्याला एक शेपूट जोडले, "धूर दिसला तर आधी हात लावून पाहावे."

जादू झाली नाही, मुलांनो. वठलेल्या फांद्या वठलेल्याच राहिल्या. त्या वाऱ्याने मोडून पडल्या तेव्हा साळूने त्याही खडकामागे नेऊन ठेवल्या. थंडी संपत आली तरी उंबर गप्पच होता. ती रोज उजाडताच बुंध्याशी जाऊन वर बघत बसायची. नदीच्या पलीकडची टेकडी तिथून दिसायची. तिकडे ती बघत नसे.

आणि उन्हे तापायच्या सुमारास एका सकाळी उंबराच्या अगदी खालच्या फांदीवर, साळूच्या डोळ्यांसमोर, चकचकीत कोवळी पालवी दिसली. इतकी नाजूक की तिच्यातून पलीकडचे ऊन दिसत होते. साळूने कुणाला हाक मारली नाही. ती नुसती बघत राहिली. काल जे खडकामागे काळे होऊन पडले होते ते आज वर हिरवे होऊन हलत होते, आणि मधली सगळी वाट डोळ्यांना न दिसता पार झाली होती. मोठ्या बाई तिच्या मागे येऊन उभ्या होत्या, हे तिला पुष्कळ वेळाने कळले. त्यांनीही हाक मारली नव्हती. टेकडीचा विषय पुढे सभेत कुणी काढलाच नाही. पावसाळ्याआधी बुंध्याला पहिले घोस लागले तेव्हा ससे त्याखाली जागा धरून बसले.

पुढे एकदा दुसऱ्या जंगलातून एक मोर विद्यापीठ बघायला आला. पिसारा जमिनीला लागू नये म्हणून तो जपून जपून चालत होता. उंबराखाली आला आणि थबकला. सगळीकडे पानांचा जाड थर पसरला होता.

"एवढं नावाजलेलं विद्यापीठ," तो नाक मुरडून म्हणाला, "आणि झाडाखाली हा पाला? इथे कुणी झाडत नाही वाटतं?"

विद्यार्थ्यांनी श्वास रोखून साळूकडे पाहिले. साळूचे काटे फुलले नाहीत. ती पाहुण्याजवळ गेली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जरा हळू बोला. तो जेवतोय. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये."

मोराने वर पाहिले. मग त्याने पिसारा आवरून धरला आणि पानांवर पाय न देता, बाजूबाजूने निघून गेला.

तात्पर्य : गळून पडले ते संपले असे समजू नये. ज्याचे त्याच्या पायाशी परत ठेवावे, म्हणजे तेच त्याच्या माथ्यावर पुन्हा पालवते.